सरपंच घरी आहेत का?

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज मोठा आहे. धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीत ती खेळायला उतरली की पांझरेच्या पुलापर्यंत कळतं, असं वडील कौतुकानं म्हणायचे. आईला कौतुक नव्हतं. "पोरगीनी जात अन् कितली वरडस!" म्हणत ती पाठीत धपाटा घालायची. मी थोरली, घरादाराची अक्का. आई थकली तसं धाकटीला गप्प करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून केलं. तिच्या लग्नानंतर ते काम संपलं, असं मला वाटलं होतं.

तिला दिलं जळगाव जिल्ह्यात, पहूरच्या पुढे आतल्या बाजूच्या एका गावात. घरची केळी, कपाशी, माणसं चांगली. बोली मात्र वेगळी. आमच्या 'आहे'च्या 'शे'ला आणि 'सगळा'च्या 'बठ्ठा'ला तिकडच्या बायका पदराआड हसायच्या, म्हणून धाकटीनं त्यांची भाषा उचलली आणि आपली अहिराणी माझ्या फोनपुरती ठेवली. त्या गावात खालच्या वस्तीला नळाचं पाणी नीट पोचत नाही. वरच्या आळीतले लोक नळाला मोटारी लावून पाणी ओढून घेतात आणि खाली बायका रिकामे हंडे घेऊन बसून राहतात. धाकटी बचत गटातल्या बायकांना घेऊन ग्रामपंचायतीत जायची, भांडायची आणि "बघतो" एवढं उत्तर घेऊन परत यायची. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं त्या दिवशी तिचा फोन आला. "अक्का, मी सरपंचले उभी ऱ्हास. आते त्या खुर्चीवरच बशीसन बोलसू."

मला चेव आला. मी शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीभर निवडणुकीची ड्युटी केली आहे. मतदार म्हणजे काय हे कोणी मला सांगायला नको, असा माझा ठाम समज होता. शाई लावून घेताना नवऱ्याकडे बघणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. सुनेच्या मागे उभं राहून "ध्यान ठेव हां" म्हणणाऱ्या सासवा पाहिल्या होत्या. कोणाच्या मनात काय चाललंय हे मला चेहऱ्यावरून कळतं, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवायचे. मी बॅग भरली, धुळ्याहून जळगाव, जळगावहून पहूर अशा एसट्या बदलल्या आणि पुढं रिक्षानं तिच्या दारात उतरले. मेहुणे अंगणातच होते. "अक्का आल्या, आता काळजी नाही," असं ते म्हणाले आणि मलाही ते पटलं.

अर्ज भरला त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे तिची पहिली कोपरा सभा झाली. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, हातात माईक. माईकची तिला तशी गरज नव्हती. पाण्याची योजना कधी आली, पाइप कुठपर्यंत गेले, पुढं काय अडलं, कोणाच्या मोटारी आहेत, सगळं तिनं धडाधड सांगितलं. वरच्या आळीतल्या एका पुढाऱ्यानं मध्येच काही टोमणा मारला, तर तिनं त्यालाच विचारलं, "भाऊ, तुमच्या नळाले मोटार हाये का नाही? फक्त हो का नाही सांगा." बायका खिदळल्या. कोणीतरी टाळी वाजवली. मी मागं माणसांच्या घोळक्याजवळ उभी होते.

"बाई हुशार हाये," एक जण म्हणाला. "पन लय बोलते राव."

"घरात नवऱ्याचं काय चालत असंल मंग!" दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, "खरं बोलते वं माय. पन सूनबाईले असं शोभते का?"

त्याच जागेवर त्या दिवशी दुपारी धाकटीच्याच पॅनलचा एक तरुण उमेदवार तिच्याहून दुप्पट ओरडला होता. त्याला हेच लोक "धडाडीचा पोरगा" म्हणत होते. हे मला तेव्हाही दिसलं होतं. मी काही आंधळी नाही. पण जे दिसलं ते तसंच धरून चालायचं, त्याच्याशी भांडायचं नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी धाकटीला आणि मेहुण्यांना लोक काय म्हणत होते ते जसंच्या तसं सांगितलं. त्यात एकच गोष्ट सांगितली नाही. ती माईक घेऊन उभी असताना मलाही लाज वाटली होती. माझी बहीण, उघड्या डोक्यानं, परक्या पुरुषांना जाब विचारते आहे, हे मला बघवलं नव्हतं. मी नंतर जे काही केलं ते लोकांसाठी केलं असं सगळ्यांना सांगत आले. लोकांचं निमित्त होतं. मला स्वतःलाच ती तशी नको होती.

चिन्हं वाटायची वेळ आली तेव्हा तिला शिट्टी हवी होती. "आपला आवाज तसाच शे," म्हणून हसत होती. मी कपाळावर हात मारला. बाई उमेदवार आणि चिन्ह शिट्टी? चावडीवर काय काय विनोद होतील याची कल्पना आहे का तुला? कपबशी घे म्हटलं. घरातली वस्तू, कोणाला खुपत नाही. तिनं कपबशी मागितली आणि मिळाली.

फ्लेक्स करायला मी आणि मेहुणे जळगावला गेलो. दुकानदारानं कॉम्प्युटरवर तयार नमुना उघडला. लेडीज उमेदवारांचा साचा ठरलेला आहे, म्हणाला. हात जोडलेले, डोक्यावर पदर, मागं नवरा, वर सासरे. नावाच्या आधी 'सौ.' आणि खाली नवऱ्याचं पूर्ण नाव जाड अक्षरात. मेहुणे बिचारे संकोचले. "माझा एवढा मोठा फोटो कशाला?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. मीच म्हटलं, "पाव्हणे, लोकांना घर दिसलं पाहिजे." धाकटीचा एक फोटो त्यात चांगला आला होता, खळखळून हसतानाचा. दुकानदार म्हणाला हा घेऊ, फ्रेश वाटतो. मी तो काढून दुसरा दिला. ओठ मिटलेला. त्याच्याखाली माझ्या मराठीच्या ज्ञानाला स्मरून ओळ लिहून दिली: 'गावाची सून, गावाचा मान'. दुकानदारानं मान डोलावली आणि मी खुश झाले.

फ्लेक्स चौकात लागला तेव्हा धाकटी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. घरी आल्यावर ओट्यावर बसून तिनं मला विचारलं, "अक्का, गप बसानं शे तं मंग मी उभी कसाले ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, "आधी निवडून तर ये. एकदा खुर्चीवर बसलीस की बोल काय बोलायचं ते. तेव्हा तुला कोण अडवणार आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिला "आता झोप, सकाळी जत्रेला नेते" म्हणायचे तेव्हा ती असंच बघायची. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच होती.

मग मी तिला घरोघरी कसं जायचं ते शिकवलं. खरंच शिकवलं, शाळेत धडा घ्यावा तसा. पदर डोक्यावर. घरात आबा, नाना कोणी असतील तर आधी पाया पडायचं. खुर्ची दिली तरी खुर्चीत बसायचं नाही, खाली सतरंजीवर बसायचं. त्या भागात सून थोरल्यांसमोर वर बसत नाही, ही रीत तिला माहीत होतीच. पण सभेत आणि बचत गटाच्या बैठकीत तिनं ती केव्हाच सोडून दिली होती. ती मी तिला परत पाळायला लावली. पाण्याचा विषय निघाला तर आपण बोलायचं नाही, मेहुणे बोलतील. आपण फक्त शेवटी म्हणायचं, "तुमचीच सून हाये, लक्ष ठेवा."

आणि कायापालटच झाला. ज्या घरातून पहिल्या दिवशी चहासुद्धा आला नव्हता तिथून पोहे येऊ लागले. वरच्या आळीतले सगळ्यांत वजनदार आबा, ज्यांच्या शब्दावर निम्मी आळी मत देते, त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती त्यांच्या पायाशी खाली बसली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पहिल्यांदा वाटलं होतं पोरगी जरा तोंडाची फटकळ हाये," ते मेहुण्यांना म्हणाले. "पन संस्कार हायेत." तिच्याशी ते बोललेच नाहीत. बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती म्हणाली, "त्यासना नळले बी मोटार शे." मी म्हटलं, "ते नंतर."

ती निवडून आली. सहज आली. समोरच्या पॅनलची बाई तर मी मतमोजणीपर्यंत पाहिलीही नव्हती, तिचा नवराच सगळीकडे फिरत होता. आपण त्यांच्यापेक्षा किती सुधारलेले, असंही मला मध्ये एकदा वाटून गेलं होतं. मतमोजणीला तहसीलला गर्दी असते, सगळे पुरुष असतात, तू घरीच थांब, असं मीच धाकटीला सांगितलं. मेहुणे गेले. दुपारी ढोल वाजत मिरवणूक गावात शिरली. मेहुणे कोणाच्या तरी खांद्यावर, डोक्यापासून पायापर्यंत गुलालात. दारात बायकांनी औक्षणाचं ताट तयार ठेवलं होतं. ते ताट कोणीतरी धाकटीच्या हातात दिलं आणि तिनं नवऱ्याला ओवाळलं. सरपंच ती, आणि ओवाळतही तीच होती. मेहुण्यांच्या कपाळाला कुंकू लागलं, फटाके वाजले, मोबाइलवर फोटो निघाले. मग एका बाईला आठवलं. "अगं, हिले पन लावा ना!" तेव्हा तिच्या कपाळाला बोट लावलं. मी हसत होते. फोटोत मी मागे उभी आहे आणि चांगली हसते आहे.

पहिल्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेले. धाकटीसाठी जळगावहून साडी घेतली होती, ती तिनं नेसली होती. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पुढं टेबल, त्यामागं सरपंचाची खुर्ची. समोर पहिल्या ओळीत वरच्या आळीतले आबा, नाना सगळे बसलेले. ती आत आली, तिनं त्यांना पाहिलं आणि तिची पावलं आपोआप वळली. आधी पाया पडली. मग टेबलाकडे निघाली. तेवढ्यात आबा अगदी मायेनं म्हणाले, "बस सूनबाई, बस तिकडे बायकांमधी. तुझा मालक हाये ना खुर्चीत बसायले." ग्रामसेवक काही तरी पुटपुटले, नियमाचं. पण ते हळू बोलले आणि कोणी ऐकलं नाही. धाकटी उभीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला एवढंच करायचं होतं की मोठ्यानं म्हणायचं, "खुर्चीवर बस." मी आयुष्यभर वर्गात ओरडले आहे, माझा आवाजही काही लहान नाही. पण इतक्या थोरल्या माणसांसमोर बोलायची माझी छाती झाली नाही. ती खाली सतरंजीवर बसली. मेहुणे म्हणाले, "आजच्यापुरतं हां," आणि खुर्चीत बसले. ते लबाड नाहीत. त्या दिवशी ते खरंच अवघडले होते, रुमालानं सारखा घाम पुसत होते. पण पुढच्या सभेला ते तितके अवघडले नाहीत, आणि नंतर तर त्यांना शर्टही इस्त्रीचे लागू लागले. कागदावर सह्या धाकटी करते. कागद घरी येतात.

पाण्याचं काय झालं, असं मी फोनवर विचारायचे. "यासनी सांगेल शे" म्हणायची. म्हणजे मेहुण्यांनी सांगितलं आहे. हळूहळू मी विचारणं बंद केलं. तीही फोनवर हळू बोलू लागली. आता मला मोबाइल कानाला घट्ट धरावा लागतो, आणि वय झालं म्हणून कमी ऐकू येतं असं मी घरात सांगते.

मधे धुळ्यात आमच्या वॉर्डात एक तरुण बाई मत मागायला आली. वकील होती. चांगलं बोलत होती, हातात पत्रक होतं. तिनं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "घरी लहान मुलं असतील ना? मग कसं जमवणार?" तिच्या आधी आलेल्या पुरुष उमेदवाराला मी रस्त्यावरच्या खड्ड्यांचं विचारलं होतं. त्याला मुलं किती, हे मला आजही माहीत नाही. ती गेल्यावर मी दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले. धाकटीच्या बाबतीत गावाला दोष द्यायची मला सोय होती. इथं देवपुरात, माझ्या स्वतःच्या दारात तर दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या महिन्यात मी धाकटीकडे गेले होते. खरं सांगायचं तर तिची माफी मागायची म्हणून गेले होते. काय बोलायचं ते एसटीत मनाशी घोकत होते. पण समोर गेल्यावर तिनं पाणी दिलं, चहा दिला, तुझ्या गुडघ्याचं काय म्हणून विचारलं, आणि माझा विषय निघेचना. माफी मागायची म्हणजे आपलं चुकलं हे थोरलीनं धाकटीला सांगायचं. तशी आमच्या घरात पद्धत नाही, असलं काहीतरी मी मनाला समजावत बसले.

दुपारी ती स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. वांगी भाजून ठेवली होती, भरीत करायचं होतं. मी बाहेरच्या खोलीत दाराशी बसून मांडीवरच्या सुपातल्या मिरच्यांची देठं काढत होते. मेहुणे केळीच्या बागेत गेले होते. खालच्या वस्तीतली एक बाई आली, काखेत कळशी. घामानं डबडबलेली. ओट्याच्या खालीच थांबली.

"सरपंच घरी हायेत का वं?"

"नाहीत," मी म्हटलं. "वावरात गेलेत. संध्याकाळी या."

ती बरं म्हणाली आणि वळली. आतली भाकरी थापायची थपथप थांबली. मी देठं काढतच होते. मग आतून धाकटीचा आवाज आला. रागावलेला नव्हता.

"अक्का, मी घरमाच शे."

मिरच्यांचं सूप माझ्या मांडीवरून घरंगळलं. त्या गावातले आबा, तो फ्लेक्सवाला, समोरच्या पॅनलवाले, सगळे एकीकडे आणि मी एकीकडे. इतरांना तरी ती फक्त सून होती. माझी ती सख्खी बहीण, मीच तिला उभं केलं असं मी नातेवाइकांत मिरवत होते, आणि सरपंच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मेहुणे आले. विचार करून आले असते तरी चाललं असतं. मला विचारही करावा लागला नव्हता.

मी तशीच अनवाणी उठले आणि त्या बाईच्या मागे धावले. गुडघा दुखतो हेही विसरले. वळणाजवळ तिला गाठलं आणि म्हटलं, "चला, चला. सरपंच घरात आहेत."

"आता तं नाही म्हणे तुम्ही?" ती गोंधळून म्हणाली.

"मी चुकले," मी म्हटलं. जिला सांगायचं होतं तिला सोडून ते मी या अनोळखी बाईला सांगितलं.

आम्ही ओट्यापाशी आलो. धाकटी आतून निघालीच होती, हात पिठाचे. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली आणि बाहेर यायच्या आधी तिनं पिठाच्या बोटांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. केसांना पीठ लागलं. एकदम सफाईनं घेतला, मी शिकवला तस्सा.

"बोला," ती म्हणाली. "मीच हाये सरपंच. मले सांगा."

बाई मनापासून हसली. धाकटीवर तिचा जीव आहे हे दिसत होतं.

"ते तं तुम्ही हायेतच वं माय," ती म्हणाली. "आमच्याकडे पाच दिवस झाले नळाले पानी नाही. भाऊ आले का त्यायले सांगजा."